हळदीच्या रंगामागचे गणित : फ्लोरिनचा कॉलम रेणूंना वेगळे कसे करतो?

हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीचा सौदा होतो, तेव्हा व्यापारी ढिगातले एखादे हळकुंड उचलतो, ते मोडून आतला रंग पाहतो, मोडताना होणाऱ्या आवाजावरून वाळवणीचा अंदाज घेतो आणि मग भाव बोलतो. पिढ्यानपिढ्या चालत आलेली ही परीक्षा आजही कामाची आहे. मात्र मसाल्याचे, औषधांचे आणि निर्यातीचे मोठे खरेदीदार आता एवढ्यावर थांबत नाहीत. ‘कुरकुमिन किती टक्के?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर डोळ्याला दिसत नाही. ते प्रयोगशाळेतल्या वीतभर लांबीच्या पोलादी नळीतून बाहेर पडते.

त्या नळीला ‘कॉलम’ म्हणतात. तिच्यात काय भरले आहे, यावर अहवालातल्या आकड्याचा खरेपणा ठरतो. गेल्या काही दशकांत या नळ्यांमध्ये फ्लोरिन या मूलद्रव्याचे अणू जोडलेली पूड भरण्याची पद्धत रुजली आहे. नेहमीच्या कॉलममधून एकत्रच बाहेर पडणारे सारख्या चेहऱ्यामोहऱ्याचे रेणू अशा कॉलममध्ये अनेकदा वेगळे होतात. असे का घडते आणि हळदीच्या पट्ट्यातील शेतकऱ्याशी त्याचा काय संबंध आहे, याचा हा आढावा.

पिवळ्या पिकाचा जिल्हा

परभणीतून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. हळद म्हटले की पूर्वी सांगलीचेच नाव पुढे येई. आज राज्याच्या हळद लागवडीत हिंगोलीचे स्थान अग्रभागी आहे. २०२२ मध्ये वसमत येथे बाळासाहेब ठाकरे हरिद्रा (हळद) संशोधन व प्रशिक्षण केंद्राला राज्य शासनाने मान्यता दिली. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले.

मानांकनाने नावाला संरक्षण मिळते. परंतु त्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पोत्यातला माल कसा आहे, हे मानांकन सांगू शकत नाही. ते तपासणीनेच सिद्ध करावे लागते. म्हणूनच ही तपासणी नेमकी कशी होते, हे जिल्ह्यातील उत्पादकाने समजून घेणे गरजेचे झाले आहे.

एक नव्हे, तीन रंगद्रव्ये

हळदीचा पिवळा रंग एकाच पदार्थाचा नसतो. त्यात तीन भावंडे असतात : कुरकुमिन, डिमिथॉक्सीकुरकुमिन आणि बिसडिमिथॉक्सीकुरकुमिन. तिघांना मिळून कुरकुमिनॉइड्स म्हणतात. तिन्ही रेणूंचा सांगाडा एकच आहे : दोन टोकांना सहा कार्बन अणूंची दोन वलये आणि त्यांना जोडणारी मधली साखळी. कुरकुमिनच्या दोन्ही वलयांवर मिथॉक्सी नावाचा एकेक लहान गट असतो. दुसऱ्या भावंडात असा एकच गट असतो, तर तिसऱ्यात एकही नसतो. त्यामुळे त्यांचे रेणूभार अनुक्रमे ३६८, ३३८ आणि ३०८ असे तीस-तीसच्या फरकाने उतरत जातात.

बाजारात ‘कुरकुमिन’ म्हणून मिळणाऱ्या नैसर्गिक अर्कात या तिघांचे प्रमाण ढोबळमानाने ७७, १७ आणि ३ ते ६ टक्के असे असते. हे प्रमाण म्हणजे हळदीच्या अस्सलपणाची एक खूणच होय. कारखान्यात कृत्रिम रीतीने बनविलेल्या कुरकुमिनमध्ये बहुधा पहिलेच भावंड असते; उरलेली दोन नसतात किंवा नावापुरती असतात. तिघांची स्वतंत्र मोजणी झाली, तरच अशी भेसळ संशयाच्या कक्षेत येते.

साध्या रंगमापक यंत्रावर हे जमत नाही. ते यंत्र हळदीच्या अर्कातून ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा प्रकाश सोडते आणि त्यातला किती शोषला गेला, हे मोजते. तिन्ही भावंडे हा प्रकाश शोषतात, त्यामुळे उत्तर येते ते सर्वांचे एकत्रित. अडचण येथेच संपत नाही. हळद पुडीच्या भेसळीत सापडणारा आणि खाद्यपदार्थांत बंदी असलेला मेटॅनिल यलो हा रंगही याच पट्ट्यातला प्रकाश शोषतो. केवळ रंग मोजणाऱ्या यंत्राला खरा पिवळा आणि खोटा पिवळा यांतला भेद कळत नाही. आधी पदार्थ एकमेकांपासून अलग करावे लागतात आणि मग मोजावे लागतात.

वॉर्सात सुरू झालेली वाट

पदार्थ अलग करण्याच्या या तंत्राचा जन्मही वनस्पतींच्या रंगांतूनच झाला. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी १९०३ मध्ये वॉर्सा येथे पानांतील रंगद्रव्यांवरील आपले काम मांडले. काचेच्या नळीत खडूची पूड भरून त्यांनी वरून पानांचा अर्क ओतला. अर्क खाली झिरपताना हिरवे आणि पिवळे पट्टे वेगवेगळ्या उंचीवर स्थिरावले. या पद्धतीला त्यांनी क्रोमॅटोग्राफी म्हणजे रंगांचे लेखन असे नाव दिले. मराठीत त्यासाठी ‘वर्णलेखन’ हा शब्द रूढ झाला. आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये या तंत्राला नवी दिशा दिली आणि १९५२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे १९६०च्या दशकात नळीतली पूड अधिकाधिक बारीक झाली. बारीक पुडीतून द्रव आपोआप वाहत नाही, म्हणून त्याला पंपाने दाब द्यावा लागला. यातूनच आजची एचपीएलसी ही पद्धत उभी राहिली. आजच्या प्रचलित कॉलमची लांबी १५ ते २५ सेंटीमीटर आणि आतला व्यास सुमारे ४.६ मिलिमीटर असतो. त्यात ३ ते ५ मायक्रॉन आकाराचे सिलिकाचे सच्छिद्र मणी ठासून भरलेले असतात. वाळूचाच हा शुद्ध, घडवलेला अवतार म्हणावा लागेल.

हळदीची पूड अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढला जातो आणि तो गाळून त्याचे १० ते २० मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाहूनही कमी, कॉलममध्ये सोडले जातात. पंप मागून द्रव ढकलत राहतो. पदार्थ एकेक करून दुसऱ्या टोकातून बाहेर येतात आणि संगणकाच्या पडद्यावर प्रत्येकाचे एक शिखर उमटते. शिखर कितव्या मिनिटाला आले यावरून पदार्थ ओळखायचा आणि शिखराच्या क्षेत्रफळावरून त्याचे प्रमाण काढायचे, अशी ही रीत आहे. दोन पदार्थ एकाच क्षणी बाहेर पडले, तर शिखर एकच दिसते आणि आकडा चुकतो. सारी मदार आहे ती कॉलममध्ये पदार्थ वेगवेगळ्या वेळ थांबण्यावर.

आठवडी बाजाराचा दृष्टांत

हे थांबणे समजण्यासाठी आठवडी बाजाराचे उदाहरण घेता येईल. माणसांचा एक घोळका बाजाराच्या एका टोकाने आत शिरतो. मागून गर्दीचा रेटा आहे. ज्याला काही घ्यायचे नाही, तो रेट्याबरोबर सरळ पलीकडे निघतो. ज्याला खरेदी करायची आहे, तो दुकानादुकानापाशी थांबतो आणि उशिरा बाहेर पडतो. वाहता द्रव म्हणजे हा रेटा आणि सिलिकाच्या मण्यांवर जोडलेले रेणू म्हणजे दुकाने.

सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कॉलमला ‘सी-१८’ म्हणतात. त्याच्या मण्यांवर १८ कार्बन अणूंच्या, तेलकट स्वभावाच्या साखळ्या जोडलेल्या असतात. जणू संपूर्ण बाजारात तेलाचीच दुकाने. वाहता द्रव पाणी आणि ॲसिटोनायट्राइल किंवा मिथेनॉल यांचे मिश्रण असतो. ज्या रेणूला पाण्याचे वावडे आणि तेलाची ओढ, तो या साखळ्यांपाशी अधिक काळ रेंगाळतो. ज्याला पाणी प्रिय, तो लवकर निघतो.

ही व्यवस्था अतिशय भरवशाची आहे आणि प्रयोगशाळांचे बरेचसे काम तिच्यावरच चालते. पण तिचा प्रश्न एकच आहे : तुला तेलाची ओढ किती? दोन रेणूंचे उत्तर सारखे असले की सी-१८ हतबल होतो. विशेषतः समघटक रेणूंच्या बाबतीत असे वारंवार घडते. समघटकांमध्ये अणू तेच आणि तितकेच असतात, फक्त एखादा गट वलयावर इथे बसण्याऐवजी तिथे बसलेला असतो. अशा वेळी बाजारात वेगळ्या मालाची दुकाने हवीत. फ्लोरिन ती पुरवतो.

फ्लोरिनचा स्वभाव

इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचण्याची ओढ मोजणाऱ्या पॉलिंगच्या मापनश्रेणीवर फ्लोरिनचा क्रमांक सर्व मूलद्रव्यांत पहिला लागतो. त्याचे मूल्य ३.९८ आहे, तर कार्बनचे २.५५. त्यामुळे कार्बन आणि फ्लोरिन यांच्या बंधात इलेक्ट्रॉन फ्लोरिनकडे झुकतात. फ्लोरिनच्या टोकाला किंचित ऋण आणि कार्बनच्या टोकाला किंचित धन भार येतो. या दोन टोकांच्या रचनेला द्विध्रुव म्हणतात.

फ्लोरिनचा दुसरा गुण याच्या अगदी उलट वाटतो. तो आपले इलेक्ट्रॉन इतके घट्ट धरून ठेवतो की शेजारून जाणाऱ्या रेणूमुळे ते सहसा विचलित होत नाहीत. रेणूरेणूंमधील सर्वसाधारण चिकटपणा अशा विचलनातूनच येत असल्याने पूर्ण फ्लोरिनयुक्त पदार्थ कोणालाच फारसे चिकटत नाहीत. १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना सापडलेले टेफ्लॉन याच कारणाने तव्यावर उपयोगी पडले. असे पदार्थ पाण्यात मिसळत नाहीत आणि तेलातही नीट मिसळत नाहीत. त्यांची तिसरीच जात असते.

फ्लोरिनयुक्त कॉलमची दोन घराणी या दोन गुणांतूनच निघाली आहेत.

पहिले घराणे : साखळीचे

पहिल्या घराण्यात सिलिकावर कार्बनची साखळी असते आणि तिच्यातील बहुतेक हायड्रोजनची जागा फ्लोरिनने घेतलेली असते. १९८०च्या सुमारास नेदरलँड्समधील संशोधकांनी अशा साखळ्यांचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. साधे तेलकट रेणू या कॉलममध्ये सी-१८ च्या तुलनेत कमी वेळ थांबतात. ज्यांच्या अंगी स्वतःचे फ्लोरिन आहे, ते मात्र अधिक थांबतात. जातीने जातीला ओळखावे, तसा हा प्रकार. एखाद्या मालिकेतील रेणूंवर फ्लोरिनचे अणू जितके अधिक, तितका त्यांचा मुक्काम लांबतो. या गुणावर आधारलेली पृथक्करणाची एक स्वतंत्र शाखाच १९९०च्या दशकानंतर विकसित झाली.

दुसरे घराणे : वलयाचे

रोजच्या प्रयोगशाळेत अधिक प्रचलित आहे ते दुसरे घराणे, पेंटाफ्लोरोफिनाइल. प्रयोगशाळेत त्याला थोडक्यात ‘पीएफपी’ म्हणतात. यात सिलिकावर लहानशा साखळीच्या टोकाला बेंझिनचे वलय असते आणि त्याच्या मोकळ्या पाचही जागांवर फ्लोरिन बसवलेला असतो.

साध्या बेंझिन वलयाच्या वरच्या आणि खालच्या बाजूस इलेक्ट्रॉनांचा ढग असतो, म्हणून त्या बाजू किंचित ऋण असतात. पाच फ्लोरिन अणू हे इलेक्ट्रॉन कडेकडे ओढून घेतात. परिणामी वलयाचा भार उलटा होतो : कड ऋण आणि मधला भाग धन. आता समोरून इलेक्ट्रॉनांनी समृद्ध असे दुसरे वलय आले, तर दोन्ही एकमेकांवर थाळीवर थाळी ठेवावी तशी येऊ पाहतात.

या आकर्षणाचा ठसठशीत पुरावा १९६० मध्ये मिळाला. बेंझिन सुमारे साडेपाच अंश सेल्सिअसला वितळते. सहाही जागी फ्लोरिन असलेले हेक्झाफ्लोरोबेंझिनही पाच अंशांच्या आसपासच वितळते. दोन्ही द्रव समप्रमाणात मिसळले की मात्र तयार होणारे स्फटिक सुमारे २४ अंशांपर्यंत घन राहतात. म्हणजे हिवाळ्यातल्या खोलीत दोन द्रव एकत्र ओतावेत आणि ते गोठावेत, असा हा चमत्कार. स्फटिकात दोन प्रकारची वलये एकाआड एक रचलेली असतात. पीएफपी कॉलममध्ये हेच आकर्षण क्षणभरासाठी, पण हजारो वेळा घडते.

एकाच कॉलममध्ये अनेक पकडी

पीएफपीचे सामर्थ्य असे की, तो रेणूला एकाच वेळी अनेक प्रश्न विचारतो.

पहिली पकड तेलकटपणाची. ती सी-१८ पेक्षा सौम्य असली तरी असतेच. दुसरी पकड वर सांगितलेल्या वलयावर वलय रचण्याची. तिसरी द्विध्रुवांची : नायट्रो, क्लोरिन, मिथॉक्सी यांसारखे गट असलेल्या रेणूंचे स्वतःचे धन-ऋण टोक कार्बन-फ्लोरिन बंधाच्या टोकांशी जुळते. चौथी हायड्रोजन बंधाची. पाचवी आकाराची : वलय ताठ असल्यामुळे चपटा रेणू त्याच्याशी नीट बसतो, तर वळलेला किंवा फुगीर रेणू बसत नाही.

सहावी पकड सिलिकाच्या उघड्या राहिलेल्या पृष्ठभागाची. पीएफपी वलये सी-१८ च्या साखळ्यांइतके दाट आच्छादन करीत नाहीत. मधल्या फटींतून सिलिकाचे ऋणभारित गट डोकावतात आणि अमाइन गट असलेल्या धनभारित औषधी रेणूंना धरून ठेवतात. त्यामुळे अल्कधर्मी औषधे या कॉलममध्ये बराच काळ थांबतात. वाहत्या द्रवातील ॲसिटोनायट्राइल वाढवत नेले तर त्यांचा मुक्काम आधी घटतो आणि प्रमाण ८०-९० टक्क्यांच्या पुढे गेले की पुन्हा वाढू लागतो. आलेखावर खोलगट वाटीसारखी रेषा उमटते. सी-१८ वर सहसा न दिसणारी ही वागणूक पीएफपीची ओळखच मानली जाते.

दृष्टांताच्या भाषेत सांगायचे, तर या बाजारात तेलाबरोबर कापड, भांडी, धान्य अशी सगळीच दुकाने आहेत. दोघा गिऱ्हाइकांची तेलाची गरज सारखी असली, तरी बाकीच्या गरजा सारख्या असण्याची शक्यता कमी. म्हणून ते वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात.

विद्रावकाची निवड

कॉलम बदलला, पण द्रवाकडे लक्ष दिले नाही, तर फ्लोरिनचा फायदा हातचा जाऊ शकतो. ॲसिटोनायट्राइलच्या रेणूत कार्बन आणि नायट्रोजन यांच्यामध्ये तिहेरी बंध असतो आणि त्याचे स्वतःचे सैल इलेक्ट्रॉन असतात. ते पीएफपी वलयापाशी जाऊन बसतात आणि येणाऱ्या रेणूची जागा अडवतात. मिथेनॉलमध्ये असा बंध नाही. त्यामुळे वलयावर वलय रचण्याच्या पकडीचा पुरेपूर उपयोग करायचा असेल, तर अनुभवी विश्लेषक आधी मिथेनॉल वापरून पाहतात.

द्रवाची आम्लताही तितकीच महत्त्वाची. आम्लतेनुसार सिलिकाचा आणि औषधी रेणूचा भार बदलतो आणि सहाव्या पकडीचा जोरही कमीजास्त होतो. हा घटक काटेकोर ठेवला नाही, तर आज पाचव्या मिनिटाला आलेले शिखर उद्या सहाव्याला येते.

कोठे होतो उपयोग?

औषधनिर्मितीत या कॉलमला मान्यतेचे स्थान आहे. अमेरिकेच्या यूएसपी या औषधसंहितेत पीएफपी कॉलमला ‘एल-४३’ असा स्वतंत्र संकेतांक दिलेला आहे. कर्करोगावरील पॅक्लिटॅक्सेल हे त्याचे गाजलेले उदाहरण. यू जातीच्या वृक्षापासून मिळालेल्या या औषधाला अमेरिकेत १९९२ मध्ये मंजुरी मिळाली. त्याच झाडात सेफॅलोमॅनिन नावाचा जवळपास तसाच पदार्थ असतो. दोघांतील फरक एका टोकापुरता आहे : पॅक्लिटॅक्सेलच्या त्या टोकाला बेंझिनचे वलय आहे, सेफॅलोमॅनिनच्या टोकाला नाही. वलय ओळखणारा कॉलम येथे का उपयोगी ठरावा, हे सांगायला नको.

दुसरे उदाहरण घराघरांत पोहोचलेल्या ‘ड’ जीवनसत्त्वाच्या तपासणीचे. रक्तात या जीवनसत्त्वाचा एक जुळा रेणूही असतो. त्याचा रेणूभार अगदी तोच. फक्त एक ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट उलट दिशेला वळलेला. लहान बाळांच्या रक्तात हा जुळा रेणू लक्षणीय प्रमाणात असू शकतो, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. वजनावरून रेणू ओळखणारे महागडे मास स्पेक्ट्रोमीटर यंत्र येथे फसते, कारण वजन सारखेच असते. नेहमीच्या सी-१८ वरही दोघे बहुधा एकत्र येतात आणि बाळाच्या अंगात जीवनसत्त्व आहे त्यापेक्षा अधिक दिसते. पीएफपी कॉलमवर हे दोघे वेगळे करता येतात. अहवालातील एका आकड्यावर औषधाची मात्रा ठरणार असेल, तेव्हा या भेदाचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

‘ई’ जीवनसत्त्वाचे बीटा आणि गॅमा हे दोन प्रकार, तसेच क्रेसॉलचे मेटा आणि पॅरा हे समघटक, हीदेखील सी-१८ ला जड जाणारी आणि पीएफपीला साधणारी उदाहरणे आहेत.

हळदीला हा कॉलम लागतोच का?

प्रामाणिक उत्तर असे की, रोजच्या तपासणीला लागत नाही. ॲसिटोनायट्राइल आणि सौम्य आम्लमिश्रित पाणी वापरले, तर चांगल्या सी-१८ कॉलमवर तिन्ही कुरकुमिनॉइड्स अलग होतात. आधी बिसडिमिथॉक्सी, मग डिमिथॉक्सी आणि शेवटी कुरकुमिन, असा क्रम लागतो. एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीला आपल्या मालाचे कुरकुमिन जाणून घ्यायचे असेल, तर ‘फ्लोरिनचा कॉलम आहे का’ यापेक्षा ‘तिन्ही घटक स्वतंत्र मोजता का’ हा प्रश्न प्रयोगशाळेला विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

मात्र अडचणीच्या नमुन्यांत पीएफपी दुसऱ्या साक्षीदाराची भूमिका बजावू शकतो. कुरकुमिनची दोन्ही वलये इलेक्ट्रॉनांनी समृद्ध आहेत आणि भावंडांतील फरक नेमका वलयांवरच्या मिथॉक्सी गटांचा आहे. पीएफपीचा पृष्ठभाग ज्या गोष्टींना प्रतिसाद देतो, त्या याच. पुडीत एखादा परका रंग किंवा कुरकुमिन बिघडून तयार झालेला पदार्थ सी-१८ वर खऱ्या शिखराच्या आड दडला असेल, तर वेगळ्या तत्त्वावर चालणाऱ्या कॉलमवर तो उघडा पडण्याची शक्यता वाढते. दोन भिन्न कॉलमांवर आकडा तोच आला, तर त्यावरचा विश्वास दुणावतो. निर्यातीचा माल वादात सापडतो, तेव्हा अशी दुहेरी खातरजमा कामी येते.

काही गोष्टी मात्र कोणत्याच कॉलमला साधत नाहीत. हळकुंडाला चमक आणण्यासाठी लावले जाणारे विषारी लेड क्रोमेट हे खनिज रंगद्रव्य आहे. त्यातील शिसे शोधण्यासाठी धातू मोजणारे वेगळे यंत्र लागते. ‘एचपीएलसी अहवाल चांगला’ याचा अर्थ ‘माल सर्वस्वी शुद्ध’ असा होत नाही.

नमुना घेण्याची बाजू

आकडा कॉलमच्या आधीच चुकू शकतो. ढिगात कांडी आणि गोळा हळद मिसळलेली असते. दोन्हींत कुरकुमिनचे प्रमाण सारखेच असेल असे नाही. अनेक क्विंटलच्या लॉटमधून अखेर कॉलममध्ये जाते ते थेंबाहूनही कमी. म्हणून नमुना एकाच पोत्याच्या तोंडातून न घेता निरनिराळ्या पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून घ्यावा, एकत्र करावा आणि मगच दळावा. कुरकुमिन प्रकाशाने बिघडते, म्हणून दळलेला नमुना उन्हात किंवा पारदर्शक पिशवीत ठेवू नये. प्रयोगशाळेतही त्यासाठी तपकिरी काचेची भांडी वापरतात.

शिजवणी आणि वाळवणीचाही आकड्याशी संबंध येतो. ओलावा अधिक असेल, तर तेवढ्याच वजनात कुरकुमिन कमी भरते. त्यामुळे अहवालात टक्केवारी ओल्या वजनावर दिली आहे की कोरड्या, हे पाहिल्याशिवाय दोन अहवालांची तुलना करू नये.

फ्लोरिनची दुसरी बाजू

फ्लोरिनयुक्त रसायनांविषयी जगात चिंताही आहे. निसर्गात सहजी न विघटणाऱ्या पीएफएएस गटातील रसायनांवर व्यापक निर्बंध आणण्याचा प्रस्ताव जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या देशांनी २०२३ मध्ये युरोपीय रसायन संस्थेकडे मांडला. पहिल्या घराण्यातील लांब फ्लोरिन साखळ्या रसायनशास्त्रीय व्याख्येने या गटात मोडतात. पीएफपीचे वलय मात्र २०२१ मध्ये ओईसीडीने केलेल्या व्याख्येत बसत नाही, कारण त्या व्याख्येसाठी पूर्ण फ्लोरिनयुक्त साखळी-कार्बन लागतो आणि वलयावरचा फ्लोरिन त्यात धरला जात नाही. कॉलममध्ये हे द्रव्य सिलिकाला पक्के जोडलेले असते आणि त्याची मात्राही अल्प असते. तरीही वापरून संपलेल्या कॉलमची विल्हेवाट हा प्रयोगशाळांनी विचारात घेण्याचा विषय आहे. याच पीएफएएस रसायनांचे पाण्यातील अवशेष शोधण्यासाठीही फ्लोरिनयुक्त कॉलम वापरले जातात, हा योगायोग लक्षणीय आहे.

पीएफपीचे काही व्यावहारिक तोटेही आहेत. एकाच वेळी अनेक पकडी असल्यामुळे त्याची वागणूक आधी वर्तवणे अवघड जाते. निरनिराळ्या उत्पादकांचे पीएफपी कॉलम एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. अतितीव्र आम्ल वा अल्कधर्मी द्रवात त्याचे आयुष्य घटते.

मोडलेल्या हळकुंडाचा रंग पाहून अनुभवी व्यापारी जे ताडतो, ते पुष्कळदा खरेही असते. परंतु त्याचा अंदाज दूरच्या खरेदीदाराला कागदावर दाखवता येत नाही आणि भाव कमी मिळाल्यास शेतकऱ्याला तो खोडूनही काढता येत नाही. तिन्ही घटक वेगळे मोजणारा अहवाल दोघांसमोर सारखाच राहतो. वसमतच्या हळदीला नाव मिळाले आहे. त्या नावामागे पोत्यागणिक उभा राहणारा पुरावा पुरवणे हे आता नमुना घेणाऱ्या हातांचे, योग्य कॉलम निवडणाऱ्या विश्लेषकाचे आणि अहवाल वाचायला शिकलेल्या उत्पादकाचे काम आहे.